वर्गणीचा धर्म

धर्माच्या नावाने आज जे काही चालते त्यात वर्गणीइतकी निरुपद्रवी दिसणारी आणि वर्गणीइतकी घातक गोष्ट दुसरी क्वचितच असेल, असे विधान आम्ही केले तर पुष्कळांस आश्चर्य वाटेल. आमच्या ख्रिस्ती बांधवांस तर बहुधा रागच येईल. कारण देवळे, शाळा, दवाखाने, अनाथगृहे हा सारा पसारा वर्गणीवरच उभा आहे. तो मोडावा असे आम्ही म्हणत नाही. पैसा लागतो व तो कोणी तरी द्यावाच लागतो. आमचे म्हणणे एवढेच की, जी वर्गणी शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याचे आपले पाय वाचविते तीस दान म्हणू नये. ती खंडणी होय. शेजाऱ्याने आपल्या वाटेस येऊ नये म्हणून भरलेली.

आमच्या माहितीतील एका मंडळीत आजाऱ्यांचा समाचार घेण्यासाठी एक समिती आहे. समितीस चिटणीस आहे, पावतीपुस्तक आहे, वार्षिक अहवालही निघतो. त्या मंडळीतील एक वृद्ध विधवा पंधरा दिवस अंथरुणास खिळून होती. तिच्या औषधाचे पैसे रीतसर मंजूर झाले व रीतसर पोहोचले. परंतु त्या पंधरवड्यात तिला पेज करून घातली ती शेजारच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईने, आणि ती बाई ना त्या मंडळीची होती ना त्या धर्माची. म्हातारीच्या अंत्यविधीस मात्र सारी मंडळी लोटली, गीते उत्तम झाली, आणि पाळकसाहेबांनी प्रेमाविषयी जे प्रवचन केले त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हेच ह्या गोष्टीतील सर्वांत वाईट होय. प्रत्येकाने आपला वाटा दिला होता आणि म्हणून प्रत्येकजण मोकळा झाला होता.

ह्या स्थितीचे समर्थन तीन प्रकारे करण्यात येते. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला पक्ष शास्त्रीमंडळींचा. तारण विश्वासाने होते, कृत्यांनी होत नाही. यास्तव सेवा हे विश्वासाचे शोभिवंत फळ असले तरी त्याचा आग्रह धरणे म्हणजे कर्मठपणाकडे परत जाणे होय, असे ते म्हणतात व मार्टिन लूथरचे नाव पुढे करितात. लूथरने १५२२ साली आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्रास पेंढ्याच्या योग्यतेचे ठरविले, हे खरे. कृत्यांवाचून विश्वास मेलेला आहे असे सांगणारे ते पत्र त्यास रुचले नाही. परंतु हाच लूथर पाच वर्षांनी काय करीत होता, हे ही मंडळी सांगत नाहीत. १५२७ साली विटेनबर्गात प्लेग शिरला. विद्यापीठ गाव सोडून येना येथे गेले. लूथरनेही जावे म्हणून राजाने त्यास कळविले. तो गेला नाही. घरात गरोदर बायको व लहान मूल असता त्याने तेच घर आजाऱ्यांसाठी उघडले, आणि मरणाच्या साथीपासून पळावे की नाही ह्या प्रश्नावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ज्याच्यावाचून शेजाऱ्याचे अडणार आहे त्यास पळण्याचा अधिकार नाही, असा त्याचा सारांश आहे. केवळ विश्वासाचा झेंडा ज्याने उभारला त्याचा विश्वास खाटेच्या उशाशी बसलेला होता. त्याच्या नावाने घरी बसणाऱ्यांनी दुसरा साक्षीदार शोधावा.

मूळ ग्रंथाकडे पाहिले तरी हेच दिसते. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी येऊन पोटभर खात-पीत आणि मजूर उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाने त्यांस प्रार्थना शुद्ध करा असे सांगितले नाही. तुम्ही खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे, असे सांगितले. म्हणजे पंगतीत एक मनुष्य उपाशी राहिला की सारा संस्कार खोटा ठरतो. आमच्या समाजातील कित्येक वादांत ह्या एका निर्णयाची आठवण ठेवली गेली असती तर किती कागद वाचला असता!

दुसरा पक्ष व्यवहारी लोकांचा. सेवा हे आता शास्त्र झाले आहे, ते जाणत्यांनी करावे व इतरांनी त्यांस साहाय्य द्यावे. प्रेषितांनी स्वतःच नाही का अन्नवाटपासाठी सात माणसे निराळी नेमली? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ती हकीकत आहे खरी. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर उठली, आणि तीवरून हे सात नेमण्यात आले. परंतु ह्या हकीकतीतील दोन गोष्टी पाहाव्या. नव्या मंडळीतील ही पहिली मोठी कुरकुर देवाच्या स्वरूपाविषयी नव्हती, विधवांच्या भाकरीविषयी होती. आणि त्या सातांतील पहिला जो स्तेफन, तो वाढपी म्हणून नेमला गेला व ख्रिस्ती धर्माचा पहिला हुतात्मा झाला. वाढप्याचे काम हलके मानून ते दुसऱ्यावर ढकलण्याची ही रीत असती तर त्या कामासाठी असा मनुष्य कोणी निवडला नसता.

केवळ संस्था काढून व पैसा पुरवून हे काम होते काय, ह्याचा एक नामांकित प्रयोग इतिहासात आहे, आणि तो ख्रिस्ती धर्माच्या शत्रूने केलेला आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास आलेक्झांद्रियात साथ आली, तेव्हा ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिले व त्यांतील पुष्कळ त्यांच्याबरोबर मेले, असे तेथील बिशप डायोनिशियसने लिहून ठेविले आहे. शंभर वर्षांनंतर ज्युलियन बादशहा जुन्या देवांची पूजा पुन्हा चालू करावयास निघाला. ह्या गालिली लोकांचा धर्म का वाढतो, ह्याचे कारण त्याने ३६२ साली गलतियाच्या मुख्य पुजाऱ्यास लिहिलेल्या पत्रात स्वच्छ सांगितले आहे: ते परक्यांस आसरा देतात, मेलेल्यांची नीट मूठमाती करितात, आणि आपल्याच नव्हे तर आमच्याही गरिबांस पोशितात. उपाय म्हणून त्याने गावोगाव धर्मशाळा काढण्याचा हुकूम केला, व एकट्या गलतियासाठी सालीना ३०,००० मापे धान्य आणि ६०,००० मापे मद्य सरकारी कोठारातून तोडून दिले. पुढच्याच वर्षी तो लढाईत मेला. म्हणून ही योजना फसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याची तक्रार धान्याच्या तुटवड्याची नव्हती. आपल्या पुजाऱ्यांच्या अंगी ही वृत्तीच नाही, ही त्याची तक्रार होती, आणि वृत्ती काही कोठारातून तोडून देता येत नाही. ज्युलियनला जे दिसले ते आमच्या समित्यांस दिसू नये, ह्यास काय म्हणावे?

तिसरा पक्ष बाहेरच्यांचा. ख्रिस्ती लोकांची सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष, हा आरोप महाराष्ट्रात फार जुना आहे व तो तुच्छतेने उडवून लावणे आम्हांस योग्य वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले ते कोणाच्या धर्मात हात घालणार नाही असे सांगून. सदन पुण्यास आल्यावर मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात असा बोभाटा झाला, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ज्या आईबापांनी वचनावर विसंबून मुली पाठविल्या त्यांस जाब विचारण्याचा हक्क होता, हे आम्ही मान्य करितो. आमिषाने केलेली सेवा ही सेवाच नव्हे. गरजवंताची भूक हे ज्याचे साधन झाले तो ख्रिस्ताचा अनुयायी नसून व्यापारी होय.

परंतु एवढे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न विचारणे भाग आहे. आमिष म्हणून हिणविणाऱ्याने स्वतः काय करावे? ह्याचे उत्तर शब्दांनी न देता कृतीने देणारा एक पुरुष पुण्यात निघाला. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विवाह केला, आणि १८९६ साली विधवांच्या आश्रमासाठी स्वतः संस्था स्थापून दारोदार फिरण्यास आरंभ केला. रमाबाईंच्या टीकाकारांत कर्व्यांसारखे दहा निघाले असते तर त्या टीकेपुढे आम्ही मान लवविली असती. बाकीच्यांची टीका म्हणजे दुसऱ्या जातीची वर्गणीच: त्यांनी शब्द दिले व पाय वाचविले.

रमाबाईंचे उदाहरण आम्ही घेतो ते मात्र निराळ्या कारणासाठी. इंग्लंडात असताना लंडनजवळ फुलहम येथे भगिनींनी चालविलेले पतित स्त्रियांचे गृह त्यांनी पाहिले. ज्यांस जगाने टाकिले होते त्या स्त्रिया तेथे सुधारल्या होत्या. इतकेच नव्हे, तर स्वतः आजाऱ्या-दुबळ्यांची सेवा करीत होत्या. आपल्या मनावर ह्या दृश्याचा केवढा परिणाम झाला हे बाईंनी पुढे लिहिले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात व १९०० च्या दुष्काळात त्यांची माणसे गुजराथेत गेली, आणि केडगावच्या माळावर निराधार स्त्रिया व मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. एवढ्यांस जेवू घालणे मोठेच; पण विशेष ते नव्हे. काल जी हाडांचा सापळा होऊन आली ती वर्षा-दोन वर्षांत पुढच्या आलेलीचे केस विंचरू लागली, मागावर बसू लागली, शेतात राबू लागली. बाईंनी मूळ भाषांवरून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर केले; त्याचे खिळे जुळविणारे हात अशाच स्त्रियांचे होते. बाई १९२२ च्या एप्रिलात वारल्या व ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. केडगावात देणारी व घेणारी अशी दोन निराळी माणसे राहिली नाहीत, हे तेथील खरे यश होय. मुक्ति मिशन आजही चालू आहे.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. वर्गणी देता येते, घेता येत नाही. ती देणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो, आणि त्यास तेथेच राहावयाचे असते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो त्या प्रसंगी गडबडतो तो पेत्र, आणि तो गडबडतो ते दुसऱ्याचे पाय धुवावे लागले म्हणून नव्हे; आपले पाय दुसऱ्याने धुवावे हे त्यास सोसत नाही म्हणून. मनुष्यस्वभावाचे हे मर्म आमच्या सेवासमित्यांनी अद्यापि ओळखलेले नाही.

आणि महाराष्ट्रात तर घेणे म्हणजे काय, हे पाण्याने ठरत आले आहे. लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परत आल्या तरी कित्येक दिवस सोवळे पाळीत व पाणी वेगळे ठेवीत. पुढे, स्वतःचा बाप्तिस्मा होण्याच्या आधीच, जात माणसाने केली आहे असा मनाशी निर्णय करून त्यांनी ते सोडिले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त ही हकीकत त्यांनी कोणताही आव न आणता सांगितली आहे. दुष्काळात महाराच्या मुलास मूठभर तांदूळ घालणारे पुष्कळ सापडतील. त्याच्या आईच्या हातचा पेला तोंडास लावणे कठीण होते, आणि जेथे अजून लग्नाच्या वेळी मूळ जात विचारिली जाते त्या आमच्या मंडळ्यांत ते आजही सोपे झालेले नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुतले गेले असे आम्ही सांगतो ते पिण्याच्या पाण्यापाशी पुन्हा वर येते. ह्या रोगावर दानपेटीचा उपाय चालत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांस हे कळले होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडून ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज काढिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस जागा होती. दोनच वर्षांनी ते वारल्यामुळे तो समाज रुजला नाही; परंतु पगारी धर्माविरुद्ध एका साठीकडे झुकलेल्या कवीने आपल्या पोटावर पाय देऊन केलेले ते बंड होते. आमच्या मंडळ्या त्यांची गीते आजही गातात. बंडाची आठवण काढणे त्यांस तितकेसे सोयीचे वाटत नाही.

आता तर खिशातल्या यंत्रावर बोट टेकविले की वर्गणी पोहोचते. देणाऱ्यास घेणाऱ्याचे तोंडही पाहावे लागत नाही. सोय वाढली ही गोष्ट चांगली. पण जितकी सोय वाढेल तितका हा प्रश्न तीव्र होईल, म्हणूनच आम्ही तो इतक्या स्पष्टपणे मांडीत आहो. आम्ही कोणास केडगाव वसविण्यास सांगत नाही की पगार सोडण्यास सांगत नाही. आमची मागणी फार लहान आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या यादीतील एकट्या राहणाऱ्या माणसांची नावे काढावी, आणि ती समितीकडे न सोपविता घरोघर वाटून घ्यावी. ज्याच्या वाट्यास जे घर येईल त्याने तेथे स्वतः जावे, पेज करावी, अंथरूण झाडावे, आणि निघताना त्या घरचा चहा पिऊन निघावे. घर कोणत्याही मूळ जातीचे असो. पुढे आपण आजारी पडू तेव्हा त्याच माणसास आपल्या उशाशी बसू द्यावे व त्याच्या हातचे औषध घ्यावे. एवढे ज्यास साधत नाही त्याने वर्गणी अवश्य द्यावी, कारण छपरे गळतात व दिवे लागतात. परंतु त्या पावतीवर ख्रिस्ताचे नाव लिहू नये.