पाकिटातला जीव

मी कृषी खात्यातला नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालेला, फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणारा साधा कारकून आहे. जिवाणू खतांवर हा काय लिहिणार, असे तुम्हाला वाटले तर त्यात तुमची चूक नाही. पण गेल्या वर्षी या विषयात मी स्वतः जे दिवे लावले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डिचोली तालुक्यात आमचा शेताचा एक तुकडा आहे. बाबा होते तोवर पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर अळसांदे, हा क्रम कधी मोडला नाही. बाबा गेले आणि दोन वर्षे शेत पड राहिले. गेल्या वर्षी मनावर घेऊन भात केले. कापणीच्या सुमारास कुठल्याशा योजनेतून रायझोबियम जिवाणूंची चार पाकिटे हाती आली. ती मी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि विसरलो. ऑक्टोबरचे ऊन, ऑफिससमोर उघड्यावर उभी स्कूटर, असे पंधरा दिवस गेले. पेरणीच्या दिवशी पाकिटे काढली आणि एकाच खेपेत काम उरकावे म्हणून युरियाबरोबर बादलीत कालवून शेतात फेकली.

वेल पानांनी नुसते माजले. शेंगा मात्र मोजून घ्याव्यात इतक्या. ऑफिसात चहाच्या वेळी मी जाहीर करून टाकले की हे जिवाणू वगैरे सगळी थाप आहे.

शेजारच्या मेरेपलीकडे काकीचे शेत. तिने पाकीट पाहिलेले नाही, युरियाही घातला नव्हता. थोडे शेण, थोडी राख, बस्स. तिचे अळसांदे पाहून मला राहवेना. तिने एक वेल मुळासकट अलगद उपटून दाखवला. मुळांवर मिरीएवढ्या गाठीच गाठी. एक गाठ नखाने फोडली तर आत लालसर, रक्त लागल्यासारखी. मग माझ्या शेतातला वेल उपटला. चार-दोन गाठी, त्याही आतून पांढरट. पाकिटात काय होते, तिने विचारले. म्हटले, जिवंत जिवाणू. काकी माझ्याकडे बघत राहिली. “आनी तो जीव तुवें डिकींत दवरलो, पुता?”

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो हवेतून थेट घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायचा तर चार-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. मुळावरच्या गाठीत तेच काम जिवाणू शेतातल्या साध्या उबेत करतात. फुकट नव्हे हो. वेल त्यांना साखर पुरवतो, ते वेलाला नायट्रोजन देतात. गाठीतला लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीच्या द्रव्याचा. प्राणवायू जास्त झाला तर जिवाणूंचे काम बंद पडते, म्हणून हे द्रव्य तो हिशेबाने पोचवते. गाठ आतून लाल असेल तर काम चालू आहे. ही परीक्षा कोणालाही करता येते, प्रयोगशाळा नको.

आणि युरिया घातला की वेल गाठी करायचेच कमी करतो. आयते मिळते आहे तर साखर कशाला खर्च करा? सरकारी नोकराला हे समजायला जड जाऊ नये! म्हणजे एका बादलीत मी दोन परस्परविरोधी आदेश काढले होते.

पण गंमत बघा, काकीच्या शेतात पाकिटाशिवाय गाठी कशा आल्या? चवळीच्या कुळाला चालणारे जिवाणू आपल्याकडच्या मातीत पूर्वीपासून भरपूर आहेत. पिढ्यान् पिढ्या अळसांदे पेरत आपल्या वाडवडिलांनी त्यांना जगवलेही आहे. हे गुपित विज्ञानाला तसे उशिराच कळले. 1886 साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने गाठींचा आणि नायट्रोजनचा संबंध मांडला. 1888 मध्ये हॉलंडच्या बायरिंकने गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले.

थाप म्हणणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) ब्राझीलकडे पाहावे. पोर्तुगिजांनी आपल्याकडे काजू आणला तो त्याच देशातून. सोयाबीन मात्र तिथे बाहेरून आले आणि त्याला लागणारे जिवाणू तिथल्या मातीत नव्हते. योहाना डोबेराइनर या बाईंनी आग्रह धरला की नायट्रोजन खताच्या मागे न लागता जिवाणूंवर भर द्या. आज ब्राझील सोयाबीन पिकवण्यात जगात आघाडीवर आहे, आणि ते पीक बहुतांशी नायट्रोजन खताशिवाय, बियाण्याला जिवाणू लावून घेतले जाते.

उलट, दोन चमचे जिवाणू टाका आणि भाताचा युरिया कायमचा बंद करा असे सांगणाराही मला पटत नाही. भाताच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम यांची भाताला मदत होते, मुळे वाढतात, थोडा नायट्रोजन मिळतो. पण ती मदतच.

माझी तक्रार वेगळीच आहे. पाकिटातल्या पुडीच्या एका ग्रॅममध्ये निदान पाच कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असा सरकारचाच नियम आहे. पुडीचे आयुष्य जेमतेम सहा महिने, तेही सावलीत, थंडाव्यात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायची, बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. एवढा नाजूक कारभार आपण छत्र्या वाटाव्यात तसा करतो. पाकीट दिले, सही घेतली, रकाना भरला. मी कारकून आहे, रकाना भरल्याचे समाधान मला चांगले ठाऊक आहे. पेरणीच्या आठवड्यातच पाकिटे द्या आणि देताना एका शेतकऱ्यासमोर एकदा बियाणे चोळून दाखवा, एवढे केले तरी पुष्कळ.

त्याहून अवघड गोष्ट गुरांची. भात कापले की आमच्याकडे गुरे मोकळी सुटतात. अख्ख्या शेतात एकट्याने अळसांदे पेरले तर ते त्याने गुरांसाठीच पेरले असे समजावे. काकी पहाटेपासून काठी घेऊन बसते म्हणून तिचे वाचतात. पूर्वी गाव मिळून ठरवायचा, आता शेते पड, मालक मुंबईला किंवा माझ्यासारखे ऑफिसात. 2023 साली गोव्यात भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. चांगला झाला. पण कायद्याने सातबारा नव्हे, आपला एक-चौदा वाचेल. हिवाळाभर ज्या जमिनीत एकही हिरवे मूळ नाही, तिथल्या जिवाणूंनी साखर कोणाकडे मागायची?

यंदा मी आमच्या शेताच्या नऊ मालकांना फोन केले. पाच जण हो म्हणाले, दोघे बघू म्हणाले, एकाने जमिनीचा भाव विचारला, एकाने फोनच घेतला नाही. राखणीला माणूस ठेवायचा, खर्च वाटून घ्यायचा, असे ठरते आहे. काकीने बियाणे निवडून डब्यात भरून ठेवले आहे. पाकीट हवे की नको यावर आमचा अजून वाद चालू आहे. हवे असे ठरले तर पेरणीच्या आदल्या दिवशी आणणार आहे, आणि कापडी पिशवीतून.