संशोधनाची पहिली वही

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात किन्हवली हे गाव आहे. पावसाळ्यात भाताची हिरवीगार खाचरे, हिवाळ्यात कापणीनंतरचे मोकळे माळ आणि उन्हाळ्यात पाने झडून उघडे पडलेले साग हे येथील मुलांच्या नित्य परिचयाचे दृश्य. या मुलांस "पुढे कोण होणार?" असे विचारले, तर शिक्षक, पोलीस, सैनिक, परिचारिका अशी उत्तरे येतात. "मी जीवशास्त्रात संशोधन करणार," हे उत्तर मात्र क्वचितच कानी पडते. संशोधन म्हणजे मोठ्या शहरातील, मोठ्या इमारतीतील, मोठ्या माणसांचे काम, अशी समजूत खेड्यापाड्यांतून रूढ आहे. ती कितपत खरी, हे एका लहानशा पक्ष्याच्या हकिकतीवरून ताडून पाहता येईल.

गावातील जुन्या आंब्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. वनपिंगळा हा त्याचाच रानात राहणारा भाऊबंद. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पाय व नखे भक्कम असतात आणि घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाउजेडी शिकार करतो. १८७३ साली ह्यूम या पक्षितज्ज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. १८८४ साली खानदेशात त्याचा एक नमुना मिळाला. त्यानंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसा झाला. पुढे अनेक जाणत्यांनी त्याचा शोध केला. परंतु तो कोणासही गवसला नाही.

या अपयशामागे एक विलक्षण कारण दडलेले होते. माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्या संग्रहातील एका वनपिंगळ्यावर चिठ्ठी लावली होती, की हा पक्षी १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाला. ती चिठ्ठी खोटी होती. तो नमुना त्याने संग्रहालयातून चोरून आणला होता. एवढेच नव्हे, तर ओळखू येऊ नये म्हणून तो नव्याने भरून सजविला होता. पामेला रासमुसेन या संशोधिकेने जुने नमुने एकेक करून तपासले आणि ही लबाडी उघडकीस आणली. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या नोंदींच्या आधारे शोध सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातील शहादे गावाजवळ, भर उजेडात, वनपिंगळा झाडावर बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती!

हकिकत येथेच संपत नाही. २०१४ साली हाच पक्षी तानसा अभयारण्यात आढळला. हे अभयारण्य शहापूर, वाडा आणि मोखाडा या तालुक्यांत पसरलेले आहे. ज्या पक्ष्यासाठी जगातील पंडितांनी जंग जंग पछाडले, तो किन्हवलीच्या मुलांच्या तालुक्यात पसरलेल्या अभयारण्यातच निघाला. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' म्हणतात, ते यालाच.

या हकिकतीपासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की संशोधनाचा विषय दूरदेशीच असतो असे नाही. तो घरामागच्या रानातही असू शकतो. दुसरी त्याहून मोलाची. विज्ञानाची इमारत खऱ्या नोंदीवर उभी असते. एका खोट्या चिठ्ठीने थोरामोठ्यांस चुकीच्या वाटेवर पाठविले. उलट, एखाद्या शाळकरी मुलाने साध्या वहीत दिनांक, वेळ, ठिकाण, झाडाचे नाव आणि पाहिलेली गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली, तर तिचा उपयोग पुढे कोणासही होऊ शकतो. पक्षी दिसला नाही, तर 'दिसला नाही' असेच लिहावे. तीही नोंदच आहे. घरट्यास हात न लावता, अंडी न हलविता, दुरूनच पाहावे, हेही ओघानेच आले.

कोणी म्हणेल, "डोळे आणि वही एवढ्यावर भागते, तर विद्यापीठ हवे कशाला?" हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. वनपिंगळा दिसला, एवढ्याने त्याचे रक्षण होत नाही. तो किती आहे? वाढतो की घटतो? कोणत्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो? जंगल विरळ झाले, तर जगेल काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यास गणित लागते, शिस्तबद्ध पद्धत लागते आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. १९९७ नंतर फराह इश्तियाक यांच्यासारख्या तरुण संशोधकांनी रानात राहून त्याचे आवाज, खाणे आणि विणीचा हंगाम यांचा अभ्यास केला. २०१८ साली भारतीय संशोधकांनी त्याच्या डीएनएची परीक्षा केली व तो पिंगळ्याच्याच गटातील असल्याचे दाखवून दिले. रानातील डोळा आणि प्रयोगशाळेतील यंत्र यांची अशी गाठ पडते, तेव्हाच ज्ञान पुढे सरकते.

ही गाठ घालण्याची संधी मुलग्यांस आहे, तशीच मुलींसही आहे. तिच्यासाठी पूर्वी झगडावे लागले, हे विसरता कामा नये. कमला सोहोनी यांस १९३३ साली बेंगळूरच्या विज्ञान संस्थेने केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या माघारी फिरल्या नाहीत. आग्रहाने प्रवेश मिळविला आणि १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. मुंबईस परतल्यावर त्यांनी अभ्यासास विषय कोणता घेतला? ताडमाडाची नीरा आणि रोजच्या जेवणातील डाळी! गरिबांच्या पोषणास त्यांचा काय उपयोग, हे त्यांनी प्रयोगांनी तपासले.

आज वाट पूर्वीपेक्षा रुंद आहे. दहावीनंतर विज्ञान शाखा, मग वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांतील पदवी, त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण आणि अखेरीस मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन, असा हा क्रम आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ ठाणे जिल्ह्याचेही आहे. पुण्यास २००६ पासून भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. बारावीनंतर तिच्या स्वतंत्र परीक्षेतून तेथे प्रवेश मिळतो. राष्ट्रीय परीक्षेत निवड झालेल्या संशोधक विद्यार्थ्यांस दरमहा छात्रवृत्तीही मिळते. शाळकरी वयासाठी सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. ती मराठीतूनही देता येते.

वाट रुंद असली तरी ती सपाट नाही. मराठीतून शिकलेल्या मुलास पुढे इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतात. शहरातील राहणीचा खर्च असतो. फळ हाती येण्यास बरीच वर्षे जातात. म्हणून सारा भार मुलांच्याच शिरावर टाकणे योग्य नव्हे. शाळेतील सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपाआड ठेवण्यासाठी नसतो, हे शिक्षकांनी ध्यानी धरावे. मुलाने किड्याविषयी विचारलेला प्रश्न हा रिकामा उद्योग नव्हे, हे पालकांनी ओळखावे. आणि गुरे राखताना पाखरांचे आवाज ओळखणाऱ्या, रानभाज्यांचे गुण जाणणाऱ्या आजोबा-आजींजवळ बसून त्यांचे ज्ञान मुलांनी वहीत उतरून घ्यावे. कारण ते एकदा गेले, की कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. डोंगरातला झरा महानगरास जीवन देऊ शकतो, तर त्याच डोंगराच्या छायेत वाढलेल्या मुलाची बुद्धी विद्यापीठास नवे ज्ञान का देऊ शकणार नाही? त्यासाठी आरंभी लागते ती एक वही, एक पेन्सिल आणि जे पाहिले तेच लिहिण्याचा निर्धार.