मारुती कांबळे पुन्हा भेटला

मंडळी, मिसरूड फुटताना पाहिलेला 'सामना' आता पुन्हा पाहा. जब्बार पटेलांचा हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता; लेखन विजय तेंडुलकरांचं. तेव्हा आम्हाला निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील आवडे. काय तो रुबाब! श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर उगाच डोकं खातो, असं वाटे. परवा मंगळवारी, टिटवाळ्यातली गणपतीची गर्दी ओसरल्यावर, लेकाच्या मोबाइलवर पुन्हा पाहिला. नजर पाटलावर ठरेना. मारुती कांबळेचं नाव निघताच गप्प होणाऱ्या माणसांवर खिळली. पाटलानं साखर कारखाना उभारला, हाताला काम दिलं, हेही खोटं नाही. म्हणून तर सगळे गप्प! आपल्या सोसायटीच्या सभेत तरी हिशेब कोण विचारतो? पाहताना पोरांनाही जवळ बसवा.