पुसली जाईल ती पाटी

वस्तू विकत घेताना आपण ती काम कसे करते हे पाहतो. काम संपल्यावर ती कशी वागते, हे पाहण्याची रीत आपल्यात नाही. भांडे घेताना त्यात भाजी कशी होईल याची चौकशी होते. ते घासताना किती जीव काढील, हे घासणाऱ्या बाईला कोणी विचारीत नाही. फळ्याचेही तसेच. वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून मराठी शिकविल्यावर माझे असे मत झाले आहे की, फळ्याची परीक्षा खडूने होत नाही, डस्टरने होते.

हे मत यंदा एका निराळ्याच कामी आले. आमचे चिरंजीव, त्यांची चुलत बहीण आणि तीन मित्र अशी पाच जणांची मंडळी दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. सारीपाटाला पट ठरलेला असतो, तसा याला नसतो. एक जण कथेकरी होतो, बाकीचे पात्रे घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी भुरटा चोर. कथेकरी सांगतो, ‘समोर लाकडी दार आहे.’ ते उघडायचे की नाही हे इतरांनी ठरवायचे. बेत साधला की फसला, हे वीस बाजूंचा फासा सांगतो.

आता गंमत अशी की, दार उघडल्यावाचून पलीकडची खोली नकाशात काढायची नाही. आधी काढली तर रहस्य फुटले! म्हणजे नकाशा खेळाबरोबर वाढत जातो, आणि पुढच्या मुक्कामाला नवी भुयारे लागतात म्हणून जुनी पुसावी लागतात. प्रमाण बहुधा एका इंचाच्या घराला पाच फूट. तीस फुटांची खोली सहा घरांत बसते. एखादी भिंत बाहीने पुसली गेली तर ‘मी भिंतीआड होतो’, ‘नव्हतास’ असा जो कलह माजतो, त्यापुढे आमच्या स्टाफरूममधले वाद सौम्य म्हणावे लागतील.

हा प्रश्न तसा जुना आहे. प्रशियात १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने राजापुढे युद्धाचा खेळ मांडला, तो एका मोठ्या टेबलावर. डोंगर, नद्या, गावे असलेले प्लॅस्टरचे तुकडे हवे तसे जुळवून रणभूमी तयार करायची. टेबल राजेशाही खरे, पण ते छावणीत कोण नेणार? त्याच्या मुलाने, तो सैन्यात अधिकारी होता, १८२४ साली तोच खेळ कागदी नकाशांवर आणला. बापाने थाट पाहिला, मुलाने सोय पाहिली. घरोघरी हेच चालते.

तर मंडळींची जुनी चटई डागाळली, आणि चिरंजीव म्हणाले, “बाबा, यंदा दिवाळीला कपडे नकोत. त्या पैशांत नकाशासाठी काहीतरी चांगले घेऊ.” हे ‘काहीतरी’ काय असावे, याचा शोध मी महिनाभर केला. त्याचा गोषवारा असा:

चौकटीचा कागद सर्वांत स्वस्त. पण दोन-चारदा रबर फिरले की फाटतो. पाटी किंवा फळा चिवट. पण खडूची रेघ जाड, एका घरात दोन वस्तू मावत नाहीत, शिवाय टेबलावर पिठाची गिरणी. पांढरा फळा आणि त्याचे कोरड्याने पुसायचे पेन यांची जोडी दिसायला देखणी. त्या शाईत रंगाबरोबर तेलासारखे एक द्रव्य असते. ते रंगाला पृष्ठभाग घट्ट धरू देत नाही. म्हणूनच ती बोटानेही पुसते, आणि म्हणूनच बाहीनेही पुसते. उलट आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर हटून बसते. मग तिच्यावरून त्याच पेनने पुन्हा गिरवून लगेच पुसावे. नवी शाई जुनीला सोडविते.

व्हिनाइलची चटई हा या खेळातला प्रतिष्ठित प्रकार. ती आपल्या रेक्झिनची भाऊबंद. एका बाजूला चौकोन, दुसऱ्या बाजूला षट्कोन छापलेले. गुंडाळून काखेत मारावी आणि मित्राच्या घरी जावे. घडी मात्र घालू नये, कारण ती मोडत नाही. हिच्यावर ओल्या फडक्याने पुसायचेच पेन चालतात, पूर्वी प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदांवर चालत तेच. ती रेघ बाहीला दाद देत नाही. पण पाण्याची पक्की मिंधी. मेच्या उकाड्यात घामेजला तळहात टेकला की अख्खी नदी तळहातावर येते. आणि चुकून कोरड्याने पुसायचे पेन चटईवर चालविले, तर त्याचा रंग आत मुरतो आणि मग विटाळ कायमचा.

तात्पर्य, पृष्ठभाग एकटा निवडता येत नाही. पेन आणि पृष्ठभाग यांची पत्रिका जुळवावी लागते. दुकानात रेघ ओढून खूश होऊ नये. घरी आणल्यावर एका कोपऱ्यात प्रत्येक रंगाची रेघ ओढावी, रात्रभर ठेवावी आणि सकाळी पुसून पाहावी. लाल रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. तो फार लोचट.

लाल रंगाचे हे ज्ञान मंडळींना महागात पडले. गेल्या श्रावणात पुतणीचा योद्धा एका पुलावर पडला. मागून शत्रू येत होते, पूल अरुंद होता. तिने तो एकटीने अडवून धरला आणि उरलेले तिघे निसटले. हे पात्र तिने दोन वर्षे सांभाळले होते. शिवाय तिला बंगलोरची नोकरी लागलेली, दिवाळीनंतर जायचे. पुलावरच्या लाल खुणेवर फडके फिरविण्याचा धीर कोणाला होईना. चटई तशीच गुंडाळून ठेवली. चटई एकच, त्यामुळे पुढचे तीन रविवार खेळही झाला नाही. मुले यायची, चहा प्यायची, जायची. चौथ्या रविवारी तिने मला विचारले, “काका, पुसू की राहू दे?” मी म्हटले, “पूल तुझा आहे.” तिने चौकटीच्या कागदावर घराला घर मोजून तो पूल उतरवून घेतला, खाली तारीख घातली आणि स्वतः ओले फडके आणले. मोबाइलवर फोटो होताच, ती म्हणाली, “फोटो चार हजार आहेत, काका. हा एकच.” नदी गेली, पूल गेला, लाल डाग तेवढा राहिला. तासाभरात नवी भुयारे सुरू झाली.

दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल्‌-उक्लिदिसी नावाचा एक गणिती होऊन गेला. भारतीय अंकांनी हिशेब करण्याची रीत तेव्हा धूळपाटीवर चाले: आकडा मांडायचा, पुसायचा, पुन्हा मांडायचा. हीच रीत कागदावर शाईने चालवावी, असे त्याने प्रतिपादन केले. जे पुसले गेले ते पुन्हा तपासता येत नाही, हे उघडच आहे. त्याचे म्हणणे खरे. पण सगळेच राखून ठेवणाराच्या पाटीवर नवा आकडा मांडायला जागा उरत नाही, हेही खरे.

आमच्यापुरता निकाल सांगतो. प्रवासी मंडळींनी व्हिनाइलची चटई घ्यावी. ज्यांच्या खिशात विद्यार्थिदशा आहे त्यांनी चौकटीचा मोठा कागद झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घ्यावा. ज्यांचे टेबल ठरलेले आहे त्यांनी कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर असते तशी काच, किंवा न फुटणारे ॲक्रिलिक, चौकटीच्या कागदावर ठेवावे आणि पाण्याने पुसायचेच पेन वापरावे. रेघ संध्याकाळभर टिकते आणि सकाळी मागमूस राहत नाही. ॲक्रिलिकला स्पिरिट लावू नये, त्याला तडे जातात. आम्ही दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा आणला आहे.

आपल्या बायकांना हे सारे केव्हाच ठाऊक होते. अंगण सारवायचे, उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदातून ठिपके पाडायचे, तासभर खपून रांगोळी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणीने झाडून टाकायची. तिच्यासाठी कोणी रडत बसत नाही. कारण आवडलेली रांगोळी आतल्या खोलीत, ठिपक्यांसकट, वहीत उतरविलेली असते.