अयूबखानांची कारकीर्द

"या देशाला हुकूमशहाच हवा!" हे वाक्य सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतून आजही ऐकू येते. ते उच्चारणाऱ्यांनी अयूबखानांची कारकीर्द एकवार डोळ्यांखालून घालावी. १९५८ च्या ऑक्टोबरात राजकारण्यांच्या अनाचाराकडे बोट दाखवून या सेनापतीने पाकिस्तानची सत्ता घेतली. आरंभी अनेकांना हायसे वाटले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांनी आणलेल्या 'मूलभूत लोकशाही'चे स्वरूप काय होते? आपल्या भंडारा जिल्ह्यातील एकोडीच्या शेतकऱ्याने ग्रामपंचायतीचा सदस्य तेवढा निवडावा आणि घरी जावे. राष्ट्राध्यक्ष कोण, हे मग तो सदस्य ठरवील, अशातलाच तो प्रकार! अशा ८० हजार मतदारांच्या बळावर जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी फातिमा जिना यांना हरविले. मूठभरांना धाक वा लोभ दाखविणे कोट्यवधींपेक्षा सोपे असते.

पुढे लोक रस्त्यावर उतरले. १९६९ च्या मार्चमध्ये पद सोडताना, स्वतःच्याच १९६२ च्या राज्यघटनेप्रमाणे त्यांनी सूत्रे राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षांकडे द्यावयास हवी होती. ती त्यांनी याह्याखान या दुसऱ्या सेनापतीच्या हाती दिली. तीन वर्षांच्या आत पाकिस्तान दुभंगले.

अविभक्त भारतीय सैन्यात अयूबखानांप्रमाणेच अधिकारी असलेले जनरल करिअप्पा निवृत्तीनंतर, १९७१ मध्ये, मुंबईतून लोकसभेस उभे राहिले. मतदारांनी त्यांना निवडून दिले नाही. अयूबखानांनी सत्तेवर असताना १९५९ मध्ये घेतलेला फील्ड मार्शलचा हुद्दा करिअप्पांना १९८६ मध्ये मिळाला, तो लोकनियुक्त सरकारच्या हातून.