डोळे आले : पाल्याचा रस, साबुदाणा गोळ्या आणि पुरावा

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळ्यांची साथ आली. जळगाव-धुळ्याकडेही ती पोहोचली आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तर राज्यातले सर्वाधिक रुग्ण नोंदले गेले. अशा वेळी ज्याच्या त्याच्याजवळ एक औषध असते. कोणी शेवग्याच्या पाल्याचा रस सांगतो, कोणी मध, कोणी बाळंतिणीचे दूध, कोणी गुलाबजल, तर कोणी होमिओपॅथीच्या गोड गोळ्या. माता-भगिनी आम्हाला विचारतात, यातले खरे कोणते?

आधी एक ध्यानात घ्या. साथीचे डोळे बहुधा विषाणूमुळे येतात व आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी कोणी काहीही घातले तरी त्याला यश मिळते! "मला गुण आला" म्हणणारा खोटे बोलत नाही; पण काही न घालताही गुण आला असता का, हे त्याला कळणार कसे? त्यासाठी काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी साधी गोळी देऊन पाहावे लागते.

होमिओपॅथीत डोळ्यांसाठी युफ्रेशिया देतात. ते आधीच घेतले तर साथीत डोळे येणे टळते का, हे मोक्कापट्टी यांनी याच रीतीने तपासले. कोणाला औषध व कोणाला साधी गोळी, हे कळू न देता. 1992 मध्ये ते संशोधन ब्रिटनच्या होमिओपॅथीच्याच नियतकालिकात छापून आले : काही फरक पडला नाही. नवल वाटू नये. तीस पोटन्सी म्हणजे औषध शंभरपट पातळ करायचे, आणि तसे तीस वेळा. मूळ औषधाचा कणही त्यात उरत नाही.

झाडपाल्याची गोष्ट वेगळी. वनस्पतीत गुण असतात, हे आम्ही नाकारीत नाही. दारुहळदीतल्या बर्बेरिन या द्रव्याचे थेंब आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी खुपऱ्यांच्या रुग्णांवर वापरून पाहिले. 1982 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते. पण ते द्रव्य शुद्ध, मोजून घेतलेले, जंतुविरहित होते आणि खुपऱ्या हा जिवाणूचा रोग. पाट्यावर वाटून, लुगड्याच्या पदरातून गाळलेला रस म्हणजे ते नव्हे. त्यात पाट्यावरचे जंतूही डोळ्यात जातात. रुईचा चीक तर कोणी सांगितला तरी घालू नका. त्याने बुबुळाला इजा झाल्याचे आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहे.

आमची खरी काळजी शेतावर राबणाऱ्यांची आहे. कपाशीची काडी किंवा मक्याचे पान डोळ्याला लागते, डोळा लाल होतो, घरचे म्हणतात "डोळे आले". मग रस किंवा मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब घालतात. आत बुरशीची जखम असेल तर स्टेरॉइडने ती वाढते, फूल पडते, आणि एका डोळ्याची मजुरी कायमची अर्धी होते. म्हणून मार लागल्यावर लाल झालेला डोळा, फार ठणकणारा, अंधुक दिसणारा, उजेड न सोसणारा डोळा, आणि महिन्याच्या आतल्या बाळाचा चिकट डोळा त्याच दिवशी दाखवावा.

साध्या साथीत उकळून गार केलेल्या पाण्याने, स्वच्छ कापसाने पापण्या पुसा. टॉवेल, उशी वेगळी ठेवा. हात साबणाने धुवा. नजरेला नजर दिल्याने रोग लागत नाही, हातामुळे लागतो. काळा चष्मा फक्त उजेडाचा त्रास वाचवतो.

धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तिथल्या रुग्णालयात जाताना डोळ्यात आधी काय काय घातले ते डॉक्टरांपासून लपवू नका, बाटली असेल तर सोबतच न्या.