उंचीची सबब पुरे!

चीनमधल्या शेन्झेन शहरात २०२५ च्या जुलैमध्ये महिलांच्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना रंगला, तेव्हा यजमान चीनच्या संघात झांग झियू होती. वय अवघे अठरा आणि उंची २.२० मीटर. तिने हात वर केला की चेंडू रिंगच्या आसपासच पोहोचायचा. समोरच्या जपानी मुली तिच्या जेमतेम खांद्याला लागत होत्या. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक आणि ही उंची, एवढे सगळे चीनच्या बाजूने असूनही जपान जिंकला. पुढे अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने जपानला ८८-७९ असे हरवून हा चषक पहिल्यांदा नेला, हे खरे. पण उंचीचा बाऊ करणाऱ्यांसाठी त्या स्पर्धेतला खरा धडा उपांत्य सामन्यातच होता.

हा धडा भारतासाठी फार मोलाचा आहे. आपल्या मुली बास्केटबॉलमध्ये मागे का, असे कोणालाही विचारा. ‘आपली शरीरयष्टीच तशी, उंची कुठून आणणार?’ हे उत्तर तयार असते. ते सोयीचेही आहे, कारण त्यात दोष निसर्गाचा ठरतो आणि माणसांची जबाबदारी संपते. शेन्झेनला वरच्या गटात आठ संघ खेळले. ऑस्ट्रेलिया, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि न्यूझीलंड ही नावे अपेक्षितच. उरलेले तीन होते फिलिपिन्स, लेबनॉन आणि इंडोनेशिया. लेबनॉनची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या मुली आपल्या मुलींपेक्षा उंच आहेत, असे कोणी म्हणणार नाही. तरीही हे तिघे त्या आठांत होते आणि भारत नव्हता.

भारत तिथे कधी पोहोचलाच नाही, असेही नाही. २०१७ मध्ये ही स्पर्धा बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये झाली, तेव्हा आपण दुसऱ्या, म्हणजे ‘ब’ गटात होतो. कर्णधार होती चेन्नईची अनिता पॉलदुराई. एकोणिसाव्या वर्षी भारताचे नेतृत्व केलेली, तब्बल अठरा वर्षे देशासाठी खेळलेली आणि पुढे २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरवलेली ही खेळाडू तेव्हा कारकिर्दीच्या उत्तरार्धात होती. सर्बियाचे प्रशिक्षक झोरान व्हिसिच यांनी संघाची बांधणी केली होती. अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे नमवून भारताने ‘ब’ गट जिंकला आणि वरच्या गटाचे दार उघडले. शारीरिक ताकदीत आणि उंचीत कझाकस्तानच्या मुली काही उण्या नव्हत्या. त्या विजयाची देशाने जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतली नाही. पण त्याहून मोठी चूक म्हणजे ज्यांनी पुढची आखणी करायची, त्यांनीही ती घेतली नाही.

दोन वर्षांनी, २०१९ च्या २४ ते २९ सप्टेंबरला हीच स्पर्धा पुन्हा बंगळुरूत झाली. आशियातले सर्वोत्तम आठ महिला संघ आपल्या भूमीवर खेळत होते आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये पुढे रौप्यपदक जिंकणारा जपान तिथे चषक उचलत होता. त्यानंतर आठवडाही उलटत नाही तोच मुंबईत, वरळीच्या डोममध्ये ४ आणि ५ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या ‘एनबीए’चे दोन प्रदर्शनीय सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या पुरुष संघांचे. त्या सामन्यांची हवा किती झाली, हे मुंबईकरांना आठवत असेल. वर्तमानपत्रांची पानेच्या पाने भरली, त्यात आम्हा माध्यमांचा वाटाही मोठा होता. बंगळुरूत आपल्या मुली आठांत आठव्या आल्या, त्याला मात्र कोपऱ्यात चार ओळी मिळाल्या. बाहेरच्या दोन संघांचा पाहुणचार करण्यात गैर काही नाही. पण त्या दोन दिवसांसाठी जो पैसा, जी यंत्रणा आणि जो उत्साह उभा राहिला, त्याचा थोडा भाग जरी भारताच्या महिला संघापुढे वर्षभरासाठी ठेवला असता, तर पुढची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

पुढची गोष्ट जॉर्डनमधल्या अम्मानची आहे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे झालेल्या आशिया चषकातले भारताचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवेत. जपानने भारताला १३६-४६ असे हरवले. तब्बल नव्वद गुणांचा फरक. शेवटच्या लढतीत फिलिपिन्सने भारताला ७४-७० असे हरवले. अवघ्या चार गुणांचा फरक. पहिल्या निकालाने मान खाली जाते, पण भारताला वरच्या गटातून खाली ढकलले ते दुसऱ्या निकालाने.

नव्वद गुणांचा फरक कसा पडतो, हे कोर्टवर खेळलेल्याला लगेच कळते. आपली गार्ड बेसलाइनवरून पास घेते. मान वर करून पाहते तोच दोघी अंगावर आलेल्या असतात. नियमाप्रमाणे आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायचा असतो. देशातल्या सामन्यात तिला श्वास घ्यायला दोन सेकंद मिळतात, इथे अर्धाही मिळत नाही. घाईत टाकलेला पास तिसरीच पळवते आणि समोर रिंग मोकळी असते. असे एकामागून एक घडत गेले की दहा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये सामना हातचा निघून जातो. यात उंचीचा संबंध फारच थोडा. वेगाची आणि दबावाची सवय नसणे हे खरे कारण, आणि ही सवय सरावशिबिरात आपल्याच मुलींविरुद्ध खेळून लागत नाही. तुल्यबळ किंवा वरचढ संघांशी पुन्हा पुन्हा खेळावे लागते, हरावे लागते, पुन्हा उभे राहावे लागते.

चार गुणांचा फरक तर याहून बोलका आहे. चार गुण म्हणजे दोन बास्केट. शेवटच्या तीन मिनिटांत फ्री थ्रो कोणी घ्यायचा, चोवीस सेकंदांतले किती जाऊ द्यायचे, टाइमआउट कधी मागायचा, यांवर असे सामने फिरतात. हे शहाणपण चुरशीच्या सामन्यांतूनच येते. भारताच्या मुलींना असे सामने वर्षाकाठी किती मिळतात? सीनियर नॅशनल, कधी फेडरेशन कप, कधी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. त्यातही निम्म्या लढती एकतर्फी. राष्ट्रीय संघ निवडला जातो तो मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर. शिबिर भरते, विमान पकडले जाते आणि पहिल्याच दिवशी जपान किंवा कोरिया समोर उभे असतात.

जपानकडे पाहा. टोकियोत रौप्य जिंकलेल्या त्या संघाची सरासरी उंची १७६ सेंटिमीटरच्या आसपास होती. उपांत्य सामन्यात फ्रान्सला हरवताना एका सामन्यात १८ असिस्ट देऊन ऑलिंपिक विक्रम करणारी रुई माचिदा १६२ सेंटिमीटरची. आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयीन संघात तिच्याएवढ्या मुली सहज सापडतील. प्रशिक्षक टॉम होवासे यांनी उंचीची उणीव वेगाने, तीन गुणांच्या फेकींनी आणि सतत पळत्या बचावाने भरून काढली. पण प्रशिक्षकाच्या हाती ही सामग्री आली कुठून? माचिदा फुजित्सू कंपनीच्या संघातून खेळायची. टोयोटा, डेन्सो, एनेओस या कंपन्यांचेही महिला संघ आहेत. हे संघ शरद ऋतूपासून वसंतापर्यंत शनिवार-रविवार लीग खेळतात. आज ज्या संघाने हरवले, त्याच्याशी उद्या पुन्हा गाठ. राष्ट्रीय संघाच्या शिबिरात येणारी प्रत्येक मुलगी अशी हंगामभर घासून-पुसून आलेली असते.

कंपनीने खेळाडूला नोकरी द्यायची आणि तिने कंपनीसाठी खेळायचे, ही पद्धत आपल्यालाही परकी नाही. आपल्याकडे हे काम रेल्वेने केले. मुलींना नोकरी, पगार, रजा आणि घरच्यांच्या तोंडावर मारायला एक भक्कम कारण रेल्वेने दिले. त्याबद्दल या देशातल्या महिला खेळाडू रेल्वेच्या कायमच्या ऋणी राहतील. वर्षानुवर्षे महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर रेल्वेचेच वर्चस्व राहिले, केरळ आणि तामिळनाडू यांनी तेवढी झुंज दिली. फरक एवढाच की जपानच्या कंपन्या एकमेकींशी हंगामभर भिडतात, तर आपल्याकडे उत्तम खेळाडू एकाच छत्राखाली गोळा होतात आणि वर्षातले बहुतेक महिने भिडायला कोणी नसते. नोकरी मिळाली की घरचे म्हणतात, आता झाले ना सगळे. पंचविशीतली मुलगी, जिची खरी उमेद पुढे आहे, ती मैदानातून टेबलाकडे वळते. त्या मुलीला दोष देता येणार नाही. तिच्यापुढे दुसरी वाटच ठेवलेली नाही.

पुरुषांसाठी गेल्या दशकात दोन-तीन व्यावसायिक लीग निघाल्या, काही मिटल्याही. महिलांसाठी मात्र देशभर, नेमाने, दरवर्षी चालणारी लीग आजतागायत उभी राहिलेली नाही. ‘प्रेक्षक येत नाहीत, पुरस्कर्ते मिळत नाहीत’ हे कारण दिले जाते. महिला क्रिकेटबाबत हेच म्हटले जात होते. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि ते म्हणणे मागे पडले. २०२५ मध्ये महिलांची हॉकी लीगही चार संघांनिशी सुरू झाली. बास्केटबॉलला चार संघही जमू नयेत? पण ज्यांनी ते जमवायचे, त्या बास्केटबॉल महासंघातच २०१५ मध्ये दोन गट पडले, खरा महासंघ कोणता यावर भांडणे झाली. त्या वर्षांत खेळाडूंचे किती नुकसान झाले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

महाराष्ट्राने यात हात झटकू नयेत. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. २०२३ च्या हांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत तिच्या संघाने इंडोनेशियाला ६६-४६ असे हरवले. हाच इंडोनेशिया त्या वर्षी ‘ब’ गट जिंकून वर गेला होता! वरच्या गटात बसणाऱ्या संघाला आपण वीस गुणांनी हरवू शकतो, याहून ठळक पुरावा कोणता हवा? त्याच स्पर्धेत मंगोलियालाही हरवून भारताने उपांत्यपूर्व फेरी गाठली. आमच्याकडे गुणवत्ता आहे, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज उरलेली नाही.

आणि या राज्यात खेळाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या नागपाड्यात गल्लीतली मुले बास्केटबॉलवर वाढतात. नागपुरातल्या क्लबांनी पिढ्या घडवल्या. २००९ मध्ये सोळा वर्षांखालील मुलींची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा पुण्यात झाली. पण जिल्ह्याच्या गावी जाऊन पाहा. कोर्ट सिमेंटचे, तेही उघड्यावर. चैत्र-वैशाखात दुपारी चटके बसतात, पावसाळ्यात चार महिने शेवाळ. सिमेंटवर उड्या मारून मुलींचे गुडघे विशीच्या आत बोलू लागतात. गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असते, हे क्रीडावैद्यक सांगते. संध्याकाळी दिव्यांची वेळ मुलांच्या संघाला मिळते आणि मुलींना अंधार पडायच्या आत घरी जायचे असते. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कुलूप. तालुक्याच्या ठिकाणी दहावीनंतर मुली या खेळातून नाहीशा होतात, त्या अशा कारणांनी.

ही कारणे दूर करता येण्याजोगी आहेत. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत हिजाब काढायला सांगितल्यामुळे कतारच्या मुलींनी सामना सोडून दिला होता. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला आणि त्या मुलींसाठी कोर्ट खुले झाले. एका ठरावाने एवढे होऊ शकते, तर स्वच्छतागृहाचे कुलूप उघडायला आणि मुलींना दिव्याची वेळ द्यायला कोणाची परवानगी लागते?

महिलांचा विश्वचषक १९५३ मध्ये चिलीच्या सांतियागोत सुरू झाला. अमेरिकेने तो अकरा वेळा जिंकला. भारत आजवर एकदाही तिथे खेळलेला नाही. २०२६ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनला होणाऱ्या विश्वचषकात सोळा संघ आहेत आणि आशियातून तिथे जाण्याचा रस्ता आशिया चषकाच्या वरच्या गटातूनच जातो. म्हणजे पहिली पायरी तीच, जी २०१७ मध्ये आपण चढलो होतो आणि २०२१ मध्ये जिच्यावरून घसरलो.

तेव्हा मागणी साधी आहे. महासंघाने महिलांची लीग चार संघांनी का होईना, पण सुरू करावी आणि दरवर्षी त्याच महिन्यात भरवावी. एकाच संघात साऱ्या तारका गोळा होणार नाहीत, असा नियम करावा. रेल्वेने आपल्या खेळाडूंना त्यात खेळायला रजा द्यावी. राष्ट्रीय संघाने दरवर्षी फिलिपिन्स, इंडोनेशिया, थायलंड, कझाकस्तान यांच्याशी घरी आणि बाहेर मिळून मालिका खेळाव्यात; जपानशी भिडण्याआधी या चार दारांतून जावेच लागेल. महाराष्ट्र सरकारने प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात लाकडी कोर्टाची एक तरी बंदिस्त जागा आणि मुलींसाठी राखीव वेळ द्यावी. राज्यातल्या मोठ्या कंपन्यांनी, ज्यांच्या आवारात सहज एखादे कोर्ट उभे राहील, महिलांचा एक-एक संघ उभारून पाहावा. यातली एकही गोष्ट परदेशातून आणावी लागणार नाही. लीगची तारीख महासंघाने यंदाच जाहीर करावी.